क्युरेटर व्हायचंय, पण बाबांना काय सांगू?

पत्राचा गोषवारा (नाव गाळलं आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत): पत्रलेखिका २७ वर्षांची, मूळची इचलकरंजीची. कोल्हापुरात चित्रकला शिकली आणि गेली चार वर्षं मुंबईतल्या एका खासगी गॅलरीत सहाय्यक आहे. पगार २८ हजार. समकालीन कलेच्या क्युरेशनचं (प्रदर्शनात काय आणि कसं मांडायचं ते ठरवण्याचं) एक वर्षाचं मास्टर्स करायला लंडनच्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला आहे. सगळा खर्च ३५ लाखांच्या घरात जातो. बाबा खर्चीवाले, म्हणजे मजुरीवर दुसऱ्यांचं कापड विणून देणारे यंत्रमागधारक. ते मागाची शेड गहाण ठेवायला तयार आहेत, फक्त विचारतात, ‘शिकून नेमकं काय होणार?’ तिला उत्तर देता येत नाही. मामा म्हणतात, गावाकडे शाळेत कलाशिक्षकाची जागा बघतो. गॅलरीत आपण नुसत्या क्रेट (चित्रं येतात त्या लाकडी पेट्या) उघडतो असं तिला वाटतं. वॉल टेक्स्ट, म्हणजे प्रदर्शनात भिंतीवर लावायचा मजकूर, लिहू का विचारल्यावर ‘तुझं इंग्रजी अजून तेवढं नाही’ असं ऐकावं लागलं. स्वतःची चित्रं तीन वर्षांपासून बंद आहेत. ‘चित्रकार म्हणून मी संपलेच, निदान क्युरेटर तरी होईन का? की तेही परदेशी शिकलेल्या, ओळखीपाळखीच्या लोकांचंच काम?’ असं ती विचारते. ताजा कलम म्हणून एक ओळ आहे: वर्गमित्र भंगारात निघालेल्या साध्या मागांचे फोटो काढतो, एक मैत्रीण जुन्या धोट्यांची आणि बॉबिनची शिल्पं करते, दोघांचं काम एकत्र दाखवावं असं फार वाटतं, ‘पण ते नंतर कधीतरी’.

तुझ्या बाबांचा प्रश्न तुझ्या प्रश्नापेक्षा चांगला आहे, म्हणून तिथूनच सुरू करते. ‘शिकून नेमकं काय होणार?’ याचं खरं उत्तर असं की पदवी मिळेल, नोकरी मिळेलच असं नाही. हे त्यांना असंच सांग, साखर न लावता. शेड त्यांची आहे, गहाणखतावर सही त्यांची पडणार आहे.

आपल्याकडे समकालीन कलेसाठी क्युरेटर पगारावर ठेवणाऱ्या संस्था हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. दिल्लीचं किरण नाडर कला संग्रहालय २०१० मध्ये सुरू झालं, बंगळुरूचं ‘मॅप’ हे कला आणि छायाचित्रांचं संग्रहालय तर अगदी अलीकडचं. मुंबईत भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे आणि आणखी एकदोन जागा. सरकारी संग्रहालयांत अभिरक्षकाची पदं असतात, पण तिथे इतिहास, पुरातत्त्व किंवा संग्रहालयशास्त्राची पदवी मागतात आणि काम बहुतेक जुन्या संग्रहाचं असतं. उरलेले सगळे स्वतंत्रपणे जगतात. एक शो इथे, एका कॅटलॉगचा लेख तिथे, मधल्या काळात शिकवणं, भाषांतर, एखाद्या कलेक्टरच्या घरातल्या संग्रहाची यादी करून देणं. लंडनहून परतलेलेही हेच करतात. फक्त त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं घर मुंबईतच असतं आणि डोक्यावर हप्ता नसतो. या क्षेत्रातली ही गोष्ट कुणी उघड बोलत नाही, त्यामुळे बाहेरगावाहून आलेल्या मुलींना वाटत राहतं की आपण कुठेतरी गुणांतच कमी पडतोय.

हप्त्याचा हिशेब मी मांडून पाहिला. ३५ लाख, ११ टक्के व्याज, १० वर्षं मुदत धरली तर महिन्याला सुमारे ४८ हजार होतात. शिकत असतानाचं व्याज यात धरलेलं नाही. रुपयात कमावून हा हप्ता भरायचा म्हटलं तर तू पुढची काही वर्षं ज्याचे जास्त पैसे मिळतील तेच काम घेशील, आणि ते काम क्युरेशनचं नसेल. तिकडेच राहून फेडेन असं मनात असेल तर शिक्षणानंतर काम करायची मुभा किती महिने मिळते ते नीट बघ. ते नियम सतत बदलतात, आणि लंडनच्या संग्रहालयांत एका सहाय्यक पदासाठी किती अर्ज पडत असतील याचा तुला गॅलरीत बसून अंदाज येईलच.

तरीही लंडनला जाऊच नकोस असं माझं म्हणणं नाही. तिथे काय मिळतं ते मी कमी लेखणार नाही. ग्रंथालयं मिळतात, जी कामं आपण फोनच्या पडद्यावर पाहिली ती समोर उभं राहून पाहता येतात, आणि दहा देशांतले वर्गमित्र मिळतात. हे वर्गमित्र पुढे कुठल्या कुठल्या बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या मोठ्या कलाप्रदर्शनांत, जाऊन बसतात आणि मग एकमेकांना बोलावतात. तू ज्याला ओळखीपाळखी म्हणतेस ती बरीचशी तिथे तयार होते. माझा आक्षेप शेडवर आहे. कॉलेजला विचार, प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येतो का. बऱ्याच ठिकाणी येतो. त्या वर्षात शिष्यवृत्त्यांना अर्ज कर. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, तो तुझ्याकडे आहे. ती पूर्ण खर्च देते, मात्र नंतर दोन वर्षं भारतात परतावं लागतं, आणि तुझ्या बाबतीत ही अट मला अडचणीपेक्षा फायद्याचीच वाटते. इनलॅक्स शिष्यवृत्तीला वयाची मर्यादा तिशीच्या आसपास आहे, म्हणजे तुझ्याकडे वेळ आहे पण फार नाही. ब्रिटनमध्ये कला आणि वारसा या विषयांत काम करू पाहणाऱ्या भारतीयांसाठी चार्ल्स वॉलेस ट्रस्ट आहे. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून कर्जाऊ शिष्यवृत्ती देतं. अटी दरवर्षी थोड्या हलतात, त्या मुळातून वाच. कोचिंगवाल्यांच्या रील्सवरून ठरवू नकोस. तू अनुसूचित जातीची असशील तर राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीही बघ.

आता तुझ्या पत्रातली जी गोष्ट मला खरी खटकली तिच्याकडे येते. ‘नुसत्या क्रेट उघडते’ असं लिहिलंस. क्रेट उघडल्यावर तू काय करतेस? कंडिशन रिपोर्ट, म्हणजे काम कुठल्या अवस्थेत आलं याची नोंद, भरतेस. फ्रेमच्या कोपऱ्यावरचा ओरखडा आधीचा की प्रवासातला हे ठरवतेस, म्हणजे इन्शुरन्सचे पैसे मिळणार की नाही हे तुझ्या नोंदीवर असतं. कागदावरच्या कामाला ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) वर उजेड नको आणि तैलचित्राला २०० पर्यंत चालतो, हे तुला पाठ आहे. चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर धरायचा, आणि भिंतीवर मोठं नि छोटं काम शेजारी आलं की हा नियम कसा मोडायचा हेही. रवी वर्मा किंवा अमृता शेरगिल यांचं चित्र देशाबाहेर नेता येत नाही, कारण १९७२ च्या कायद्याखाली त्यांची कामं राष्ट्रीय कलानिधी ठरली आहेत, हे तू कुठल्या तरी कलेक्टरला फोनवर समजावलं असणार. उत्तम इंग्रजीत निबंध लिहिणारे आणि ओपनिंगच्या आदल्या रात्री प्रोजेक्टर किती फुटांवर ठेवायचा हे न कळणारे क्युरेटर मी पाहिले आहेत. शेवटी त्यांना सांभाळून घेणारी तुझ्यासारखीच एखादी सहाय्यक असते. दुसऱ्याचं काम सुरक्षित ठेवणं, त्याला नीट जागा देणं, ही या कामाची निम्मी बाजू तुझ्या हाताला लागलेली आहे. दुसरी निम्मी म्हणजे काय दाखवायचं, कशाच्या शेजारी आणि कुणासाठी, हे ठरवून त्याची जबाबदारी घेणं. ती गॅलरी तुला देत नाही. पदवीही देईलच असं नाही.

स्वतंत्र क्युरेटर ही जात मुळात जन्मली तीच एका सुटलेल्या नोकरीतून. हाराल्ड झेमान १९६९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या कुन्स्टहाले या कलादालनाचा संचालक होता. त्याने भरवलेल्या एका प्रदर्शनावरून गावात गदारोळ झाला आणि त्याने राजीनामा दिला. तीन वर्षांत तो जर्मनीतल्या कासेलला ठरावीक वर्षांनी भरणाऱ्या डॉक्युमेंटा या समकालीन कलेच्या महाप्रदर्शनाच्या पाचव्या आवृत्तीचा प्रमुख झाला. तुझ्यासाठी मला त्याच्यापुढची गोष्ट महत्त्वाची वाटते. १९७४ मध्ये, जगातल्या सर्वांत मोठ्या प्रदर्शनांपैकी एक करून झाल्यावर, त्याने बर्नमधल्या आपल्याच फ्लॅटमध्ये आजोबांच्या वस्तूंचं प्रदर्शन मांडलं. आजोबा केशकर्तनकार होते. त्यांची अवजारं, फोटो, घरातल्या चीजवस्तू, बस. आणि ओक्वी एन्वेझोर, ज्याने २००२ ची डॉक्युमेंटा केली आणि जो त्या जागी बसलेला पहिला बिगर-युरोपीय होता, तो नायजेरियातून अमेरिकेत गेला होता राज्यशास्त्र शिकायला. समकालीन आफ्रिकी कलेवर कुणी धड लिहीत नाही म्हणून १९९४ मध्ये त्याने स्वतःच नियतकालिक काढलं. ही माणसं अपवाद आहेत हे मला कळतं. पण ‘आधी शिक्का, मग काम’ हा तू मनात धरलेला क्रम त्यांनी पाळला नव्हता.

इंग्रजीबद्दल. ते सुधार, त्यात मान-अपमान आणू नकोस. अर्ज, करारपत्रं, मेल, सगळं इंग्रजीत चालतं आणि ते तुला यायला हवं. दर आठवड्याला एक प्रदर्शन बघून ३०० शब्द लिही आणि कुणाकडून तरी तपासून घे, वर्षभरात फरक दिसेल. पण मराठी येणं ही या क्षेत्रात तुझी कमतरता आहे असं मानतेस, ते मला मुळीच पटत नाही. २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात (एनजीएमए) प्रभाकर बरव्यांचं मोठं सिंहावलोकन प्रदर्शन झालं, जेसल ठक्कर यांनी ते क्युरेट केलं होतं. त्याचा कणा होता बरव्यांच्या डायऱ्या. बरवे मराठीत विचार करणारे, मराठीत लिहिणारे चित्रकार होते. असे किती जण. गिरगाव, दादर, पुणे, कोल्हापूर, सांगली, जिथे जुने चित्रकार राहून गेले तिथे घरोघर पत्रांची, टिपणवह्यांची बाडं पडली आहेत. नातवंडांना ती वाचायला वेळ नाही आणि दिल्ली-लंडनच्या अभ्यासकाला ती वाचता येत नाहीत. बंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स कलासंशोधनासाठी अनुदान देतं आणि प्रस्ताव कोणत्याही भारतीय भाषेत स्वीकारतं. म्हणजे तू अर्ज मराठीत करू शकतेस. किती मराठी मुलामुलींना हे ठाऊक आहे?

‘मुंबईबाहेर काही नाही’ हेही तुझ्या पत्रात न लिहिता लिहिलेलं आहे. अनेक वर्षं ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम केलेले चित्रकार सुधीर पटवर्धन यांनी २००८-०९ मध्ये ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे समकालीन भारतीय कलेचं प्रदर्शन क्युरेट केलं आणि ते महाराष्ट्रातल्या शहराशहरांतून फिरवलं. मूळ चित्रं, मोठ्या चित्रकारांची, मुंबईत काळा घोड्याच्या गॅलऱ्यांत कधी न आलेल्या लोकांसमोर. गेल्या वीस वर्षांत मराठी मुलखात क्युरेशन म्हणून जे झालं त्यात मला हे काम वरचं वाटतं, आणि त्यावर म्हणावी तेवढी चर्चा झाली नाही याचं वाईटही वाटतं. विक्रीचा प्रश्न नव्हता, म्हणून कदाचित.

आता तुझा ताजा कलम. अख्ख्या पत्रात क्युरेटरने लिहिलेली ओळ तेवढीच आहे आणि तिलाच तू ‘नंतर कधीतरी’ म्हणून बाजूला सारलंस. बाकी सगळं पत्र ‘मी कोण होणार’ याबद्दल आहे. त्या एका ओळीत मात्र दोन माणसांचं काम आहे आणि ते शेजारी ठेवलं तर काहीतरी घडेल अशी तुझी अटकळ आहे. ती अटकळ पाच पानांत लिहून काढ. फोटो आणि शिल्पं एकत्र का? माग भंगारात जाताहेत हे सगळ्यांना माहीतच आहे, मग तुला त्यात वेगळं काय दिसतं? बघायला कोण येणार? मुंबईचे कलेक्टर की पाळी सुटल्यावर येणारे कामगार? दोघांसाठी एकच मांडणी चालणार नाही. फोटोतल्या कामगारांना विचारलं आहे का? कुणाच्या बुडालेल्या धंद्याचं देखणं चित्र करून लावायचं असेल तर त्यांच्या समोर उभं राहून ते बोलता आलं पाहिजे, आणि तुझे बाबा त्यांच्यातलेच एक आहेत. जागा कोल्हापूरला शाहू स्मारकचं कलादालन असेल, इचलकरंजीतली एखादी बंद पडलेली शेड असेल. शेड घेतलीस तर आधी वायरिंग आणि छप्पर तपास, ओल आणि धूळ यांनी फोटोप्रिंटची वाट लागते.

तुझा तो वर्गमित्र आणि ती मैत्रीण तरुण आहेत, मुंबईबाहेरचे आहेत, याने खट्टू होऊ नकोस. मुंबईत २०१० मध्ये झाशा कोला यांनी सहकाऱ्याबरोबर क्लार्क हाऊस इनिशिएटिव्ह ही प्रदर्शनांची जागा सुरू केली. तिथे काम दाखवणाऱ्या पोरांमध्ये चंद्रपूरकडच्या खाणपट्ट्यातला प्रभाकर पाचपुते होता, अमोल पाटील होता. पुढे पाटील २०२२ च्या डॉक्युमेंटात गेला आणि २०२५ ची बर्लिन बिएनाले कोला यांनी क्युरेट केली. क्युरेटर आपल्या पिढीच्या कलावंतांबरोबर वाढतो. नावाजलेल्यांच्या स्टुडिओबाहेर ताटकळत उभं राहून वाढलेला माझ्या तरी पाहण्यात नाही. कोचीला मुख्य बिएनालेबरोबर विद्यार्थ्यांची बिएनाले असते, तिचे तरुण क्युरेटर देशभरच्या कला महाविद्यालयांत फिरून काम निवडतात. त्यावरही लक्ष ठेव.

‘चित्रकार म्हणून संपले’ हे वाक्य मी मनावर घेत नाही. कोची बिएनाले २०१२ मध्ये सुरू करणारे बोस कृष्णम्माचारी आणि रियास कोमू दोघेही मुंबईच्या जे. जे. कलामहाविद्यालयात शिकलेले चित्रकार. जितिश कल्लाट, सुदर्शन शेट्टी हे तिथले नंतरचे क्युरेटरही कलावंतच. २०२५ ची आवृत्ती गोव्याचे कलावंत निखिल चोप्रा आणि त्यांचा एचएच आर्ट स्पेसेस हा कलावंतांचा गट यांनी केली. दोन खोल्यांत भिंत नाही. मात्र चित्र जमत नाही म्हणून क्युरेशन सोपं पडेल असा हिशेब असेल तर तो चुकेल. इथे दुसऱ्याच्या यशाने खूश व्हायचं असतं आणि ते वर्षानुवर्षं. ओपनिंगला फोटो कलावंताचा छापून येतो. हे तुला चालणार आहे का, याचं उत्तर फक्त तुझ्याकडे आहे.

मामांच्या नोकरीबद्दल थोडक्यात. मुलांना शिकवायला आवडत असेल तर जरूर विचार कर, पगार आणि सुट्ट्या दोन्ही मिळतात आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी चांगल्या चित्रकारांनी शाळेत शिकवत काम केलं आहे. जागेसाठी ‘डोनेशन’ मागितलं तर नको. तेवढ्या पैशांत तुझा शो होईल.

सध्याची नोकरी एवढ्यात सोडू नकोस. ती सांभाळून शिकता येईल असं मुंबईत बरंच आहे. भाऊ दाजी लाड संग्रहालय आधुनिक-समकालीन भारतीय कला आणि क्युरेशन यांचा पदव्युत्तर डिप्लोमा चालवत आलं आहे, फोर्टमध्ये ज्ञानप्रवाहचे सौंदर्यशास्त्र आणि कलासिद्धान्ताचे वर्ग असतात. पूर्णवेळ शिकायचंच असेल तर बडोद्याचा कलेतिहास विभाग लंडनच्या तुलनेत किरकोळ फीत होतो आणि वाचून घ्यायची सवय कायमची लागते. मालकांना एकदा स्पष्ट विचार: वर्षातून एक छोटा शो, पावसाळ्यात, जेव्हा विक्री थंड असते, मला करू द्याल का? नाही म्हणाले तर किमान एका कॅटलॉगवर नाव मागून घे.

पैशांचं बोलायला लाजू नकोस, हे तुझ्यासारख्या सगळ्यांसाठी लिहिते. क्युरेटरची फी आणि शोचा खर्च वेगळे लिहून घ्यायचे, नाहीतर फ्रेमवाल्याचं बिल तुझ्या फीमधून जातं. निम्मी फी काम सुरू होताना, उरलेली उद्घाटनाच्या दिवशी. शो उतरल्यावर मागितलेले पैसे चार महिने येत नाहीत. १० टक्के टीडीएस कापतील, रिटर्न भरून तो परत घ्यायचा. कलावंताकडून विक्रीवर कमिशन घेऊ नये असं माझं मत आहे. एकदा ते सुरू झालं की विकलं जाईल तेच निवडावंसं वाटू लागतं. आणि कलावंतांकडून ‘सहभाग शुल्क’ घेऊन पन्नास जणांचा ग्रुप शो लावणारा कुणी ‘सह-क्युरेटर हो’ म्हणाला तर तिथून निघ. तो भिंत भाड्याने देतोय आणि त्याला तुझं नाव हवंय.

कॉलेजच्या पत्रात प्रवेश नक्की करायला डिपॉझिट भरायची तारीख असेल. ती उलटायच्या आत मेल करून दोन गोष्टी लेखी विचार: प्रवेश पुढच्या वर्षावर नेता येईल का, आणि नेला तर भरलेलं डिपॉझिट धरून ठेवाल की बुडेल. लेखी उत्तर हातात येईपर्यंत एकही पौंड भरू नकोस आणि बाबांना बँकेत जाऊ देऊ नकोस.